चुन्याची निवळी

आई, तुझी टाकी ताईने मारली नाही. सांगायचं एवढंच आहे आणि ते एका ओळीत संपायला हवं होतं. संपत नाही. गेल्या रविवारी बदलापूरला ताईकडे जेवायला गेलो होतो. तिची मुलगी आता दहा वर्षांची आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला घरात मासे हवे आहेत. ताई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मासे नकोत. माझ्या हाताला मासे जगत नाहीत. तुझ्या आजीची अख्खी टाकी मी एका दुपारी मारली होती." मुलगी हसली, ताईही हसली. मग ताईने लाटणं बाजूला ठेवलं आणि अंगठा हवेत फिरवून दाखवला. "एवढीशी चकती होती. खरबरीत. मी ती पूर्ण फिरवली. मला अजून अंगठ्याला लागते ती." मी ताटाकडे बघत होतो. त्या दिवशी ताईचा अंगठा त्या चकतीला लागलाच नव्हता. मुलीने विचारलं, "मामा, तू तेव्हा कुठे होतास?" मी म्हणालो, "ग्राउंडवर. क्रिकेट खेळत होतो." यातलं एकही अक्षर खोटं नाही.

अंबरनाथ पूर्वेचं ते तळमजल्याचं घर तू टाकीसाठीच घेतलंस. वरच्या मजल्यावरची जमीन एवढं पाणी झेलणार नाही असं तुझं म्हणणं. बाबा तेव्हा वापीला नोकरीला होते, महिन्यातून दोनदा यायचे आणि टाकीसमोर बूट काढायचे. तू आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतीस. केमिस्ट. सकाळी पंचशील म्हणून झालं की टाकीचं पाणी परीक्षानळीत घ्यायचीस आणि ब्युरेटमधून थेंब सोडायचीस. रंग बदलला की आकडा वहीत लिहायचीस. मग चहा. समुद्राचं पाणी आणणं शक्य नव्हतं, म्हणून तू ते घरी बनवायचीस, निळ्या पिंपात, मीठ आणि पांढऱ्या पुडी वजन करून. अंबरनाथमध्ये समुद्र नाही. तरी आमच्या पुढच्या खोलीत तीन फूट समुद्र होता. त्यात दोन केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे. एक निळा, भांडखोर. मिशाळ कोळंबी, गोगलगायी, फुलासारखं पसरणारं एक समुद्रफूल आणि मेंदूसारख्या वळ्यांचं एक हिरवं प्रवाळ, ज्याच्यावर तू कोणाची सावलीही पडू देत नव्हतीस. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालीस, "कारखान्यामागचा नाला बघितलायस ना? रोज नवा रंग. एक पाणी तरी मला बरोबर ठेवू दे."

पाणी बरोबर राहत होतं. बाकी सगळं त्या पाण्यात एकमेकांना मारत होतं. निळ्या माशाने पहिल्याच महिन्यात एका पिवळ्याला कोपऱ्यात दाबून त्याचे पर खाल्ले. दुसऱ्याचा डोळा काढला. तू उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडे जायचीस, मला पिशवी धरायला घेऊन. तो तुला लांबूनच ओळखायचा. "आओ मॅडम, आज किसका मर्डर हुआ?" तू हसत नव्हतीस. "पिवळा गेला." "मॅडम, मैने बोला था, नीलावाला दादा है, उसको निकालो." "त्याची जागा आहे ती. तो आधी आलाय." "तो फिर बाकी को क्यों भेजते हो मरने को?" तू नवी पिशवी दिव्यासमोर धरून त्यातला मासा किती जोरात श्वास घेतोय ते बघत होतीस. प्रवाळंही भांडतात हे तूच आम्हाला दाखवलंस. दिवे विझले की हिरवं प्रवाळ बारीक दोरे बाहेर सोडायचं आणि शेजारच्याला भाजून काढायचं. सकाळी शेजारच्याचं मांस पांढरं पडलेलं असायचं. तू चिमट्याने ते सोलायचीस. म्हणायचीस, "जागा. सगळं जागेसाठी."

टाकीसाठी आणलेल्या दगडातून लपून आलेला तो प्राणीही मला आठवतो, कोळंबीसारखा, पण पुढे दोन मुठी असलेला. टाकीतून टक टक असा आवाज यायचा. तो गोगलगायी फोडत होता. तू त्याला गुंड म्हणायचीस. चार दिवस तू त्याच्या बिळावर नजर ठेवलीस आणि पाचव्या दिवशी अख्खा दगड उचलून बादलीत धरलास. त्याने तुझ्या बोटावर ठोसा मारला. नख फुटलं, बादलीतलं पाणी लाल झालं. तू दगड सोडला नाहीस. बिळात सोडा वॉटर ओतलंस, तो बाहेर आला, तू त्याला चिमट्यात पकडून फरशीवर टाकलंस आणि स्लिपरने दाबलंस. एकदा, मग पुन्हा. तो फुटल्यानंतरही पाय उचलला नाहीस. ताईने तोंडावर ओढणी धरली होती. तू म्हणालीस, "फडकं आण." फरशी पुसून झाल्यावर तू बोटाला पट्टी बांधलीस आणि गोगलगायी मोजायला बसलीस.

आम्हालाही तू तशीच मारायचीस. घाईने नाही. आधी चष्मा काढून फ्रिजवर ठेवायचीस. चष्मा फ्रिजवर गेला की आम्हाला कळायचं. मारायच्या आधी आणि मारताना तू एकच विचारायचीस, "कारण सांग." कारण चुकीचं सांगितलं की पुन्हा. कारखान्यात बॅच बिघडली की कागदावर कारण लिहावं लागतं, कारण माहीत नाही असं लिहिलेलं चालत नाही, हे तू आम्हाला जेवताना सांगितलं होतंस. घरातही चालत नव्हतं. दूध उतू गेलं, कारण. गणितात अठ्ठावीस, कारण. बरोबर कारण सापडलं की मार थांबायचा. हा तुझा नियम होता आणि तो तू पाळायचीस, हे मला तुझ्या बाजूने सांगायचं आहे. आम्ही दोघं कारणं शोधण्यात पटाईत झालो. ताई माझ्याहून जास्त. ती तुझ्या तोंडाकडे बघून ओळखायची की कुठलं कारण तुला हवं आहे.

आता निवळी. प्रवाळांना हाडं बांधायला चुना लागतो. तू पाच लिटरच्या डब्यात चुना कालवून ठेवायचीस, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी टाकीत सोडायचीस, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी. डबा कपाटावर. त्याला सलाईनची नळी, दवाखान्यातून आणलेली. नळीवर ती पांढरी चकती. चकती फिरवून थेंब कमीजास्त करायचे. "मिनिटाला सत्तर," तू म्हणायचीस. "तुझ्या नाडीइतके." मे महिन्यात टाकीवर पंखा लावावा लागायचा, पाणी भराभर उडायचं, म्हणून डबा दिवसाही चालू. सुट्टीत मी घरी असायचो, तर दर अर्ध्या तासाने थेंब मोजायचं काम माझं. ताई बारावीत. तिचे सुट्टीतले क्लास उल्हासनगरला. संध्याकाळी आल्यावर रिकामा डबा धुणं तिचं. तो चुना किती जहाल आहे ते तू कधी सांगितलं नाहीस, किंवा सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल. मला एवढंच ठाऊक होतं की लहानपणी पोट दुखलं की तू आम्हाला चुन्याची निवळी चमच्याने पाजायचीस. दात येताना ताईला पाजली, मला पाजली. मी ती प्यायलो होतो आणि मेलो नव्हतो.

त्या दुपारी बिल्डिंगमधली पोरं खिडकीखाली येऊन ओरडत होती. "ए, चल ना! एक बॅट्समन कमी आहे." मी म्हणालो, "काम आहे." एकजण म्हणाला, "मम्मीने मच्छी की ड्यूटी लगाई क्या?" सगळे हसले. मी स्टुलावर चढलो आणि चकती पूर्ण फिरवली. थेंबांची धार झाली. मला वाटलं, एकदाचं सगळं पाणी आत गेलं की मोजायला काही उरणार नाही. रागही होता, नाही म्हणत नाही. आदल्या दिवशी मी सत्तरच्या जागी पन्नास मोजले म्हणून तू मला मारलं होतंस. पण टाकी मारायची असं माझ्या मनात नव्हतं. धारेलाही वेळ लागत होता. खाली टॉस झाला. मी डबा उचलला, नळी काढली आणि उरलेलं सरळ टाकीत ओतलं. तळाचा गाळही गेला, जाड, दह्यासारखा. पाणी दुधाचं झालं. निळा मासा त्या दुधातून एकदा काचेवर आपटला. मी म्हटलं, बसेल. डब्यात बसतो तसा गाळ इथेही खाली बसेल. रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि खेळायला गेलो. सतरा रन काढले.

सहाला घरी आलो तेव्हा ताई आली होती. डबा धुऊन पालथा घातला होता. ती टाकीसमोर उभी. "पाणी असं का झालंय रे?" मी म्हणालो, "माहीत नाही." केशरी मासे वर तरंगत होते, तोंडं उघडी. समुद्रफूल दगडावरून सुटून पंपात ओढलं गेलं होतं आणि पंप त्याचे तुकडे बाहेर फेकत होता. हिरव्या प्रवाळाचं मांस चिंध्या होऊन हलत होतं. आत पांढरं हाड दिसत होतं. ताई म्हणाली, "आई मारून टाकेल." कोणाला ते तिने सांगितलं नाही. साडेसहाला तुझी रिक्षा वाजली.

तू आधी रीडिंग घेतलंस. हे मी कधी विसरणार नाही. पर्स खांद्यावर, चपला पायात, आणि तू आधी कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग बघितलास. मग म्हणालीस, "व्हिनेगर." मी स्वयंपाकघरातून बाटली आणली. तू झाकणाने मापून ओतलंस. पिंपातलं सगळं तयार पाणी बदललंस. कोपरापर्यंत हात घालून एकेक काढलंस, कोळंबी, गोगलगायी, खेकडे, आणि वर्तमानपत्रावर ओळीत ठेवलंस. निळा शेवटी सापडला, दगडाखाली, स्वतःच्या जागेत. मग तू ताईकडे वळलीस. चष्मा काढलास. फ्रिज लांब होता, तू तो जमिनीवर ठेवलास.

टाकी उपसायची नळी तुझ्या हातात होती, हातभर, जाड. आत पाणी होतं. पाण्याने भरलेली नळी जड असते. "कारण सांग."

"मी नाही उघडलं."

"डबा कोणी धुतला?"

"मी."

"भरलेला होता का रिकामा?"

"रिकामा."

"रिकामा कसा झाला?"

"मला नाही माहीत गं आई, खरंच."

नळी पाठीवर आदळली. आतलं पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. खारट. ताई भिंतीकडे गेली, तू मागून गेलीस. दंडावर. मांडीवर. ती पडल्यावर पोटरीवर. तू धापा टाकत नव्हतीस, प्रत्येक वेळी थांबून विचारत होतीस, आणि ती नाही म्हणाली की मारत होतीस. मी मोजत होतो. मला मोजायची सवय होती. अकराव्याला शेजारच्या मावशींनी दार वाजवलं. "अहो मॅडम, दार उघडा. पोरीला काय करताय?" तू दाराकडे न बघता म्हणालीस, "टाकीचं काम चाललंय, मावशी."  मग त्यांच्या दाराची कडी लागली. चौदाव्याला ताई म्हणाली, "मी उघडलं."

"किती?"

"थोडं."

नळी.

"पूर्ण. पूर्ण उघडलं."

"कशाने?"

"चकती. अंगठ्याने फिरवली."

"आणि गाळ?"

"ओतला. मी ओतला."

"का?"

ताईने तुझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काय दिसलं तिला, मला माहीत नाही. ती म्हणाली, "लवकर संपावं म्हणून." आई, ते माझं कारण होतं. शब्दाला शब्द. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तू ते ओळखलंस, खरं आहे हे तुला कळलं, तुझा चेहरा बॅचचं कारण सापडल्यासारखा झाला. इथे मार थांबायला हवा होता. तू नळी टाकलीस आणि उघड्या हाताने तिच्या डाव्या कानावर मारलंस. कारण मिळाल्यावर तू मारलंस, असं तेव्हा एकदाच झालं. आवाज मोठा नव्हता. ताई रडायची थांबली आणि कसला तरी आवाज लांबून येतोय तसं डोकं तिरकं करून बसली. कानातून पाणी आलं, मग रक्त. तू जमिनीवरून चष्मा उचललास, घातलास आणि वर्तमानपत्राची घडी करून मासे गुंडाळलेस.

डॉक्टरला तू सांगितलंस, कान कोरताना काडी लागली. ताईने मान हलवली. कान पिकला, दोन महिने वाहिला, मग कोरडा झाला आणि बंद पडला. ताई आजही डावी बाजू भिंतीला लावून बसते, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे येतात. टाकी तू पुन्हा लावली नाहीस. काच विकली. नंतर तू आम्हाला मारलंही नाहीस. चार वर्षांनी तू आजारी पडलीस, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि शेवटच्या आठवड्यात तुझ्या उशाशी ताई होती. मी जेवणाचा डबा घेऊन यायचो आणि जायचो. तुझं शेवटचं नीट बोलणं ताईशी झालं. ते तिने मला शंभरदा सांगितलंय. तू तिचा हात धरून म्हणालीस, "मला खोटी माणसं चालत नाहीत. तू शेवटी खरं बोललीस." आयुष्यात तू तिचं एकदाच कौतुक केलंस, ते हे. ते तिच्याकडे आहे. पोळ्या लाटताना ती तेच मुलीला सांगत होती, कानाचं नाही. "आजीने मारलं?" मुलीने विचारलं. ताई म्हणाली, "मारणारच ना. मी केलंच तसं होतं."

तिला मी सांगू शकतो. बदलापूर काही लांब नाही. पण सांगितलं की काय होईल ते मला माहीत आहे. माझ्यावर ती रागावेल, ते होईल आणि जाईल. मग ती तुझ्याकडे वळेल. मग तिचा कान कशासाठी गेला, याचं कारण तिच्याकडे उरणार नाही. तू तिला म्हणालीस ते एक वाक्यही उरणार नाही, कारण ते ज्या गोष्टीबद्दल होतं ती तिने केलीच नव्हती. पंचवीस वर्षं तिने एक चकती अंगठ्यात सांभाळली आहे. मी ती काढून घेऊ का? रात्रंदिवस हाच विचार करतो आणि तिच्या भल्यासाठी गप्प बसलोय असं स्वतःला सांगतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण खरं असं आहे की तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून 'मी उघडली' एवढं म्हणायचं ठरवलं की माझे खांदे वर जातात आणि मान आत जाते. मी चाळिशीला आलोय. तू नाहीस. तरी जातात.

म्हणून हे तुला लिहितोय, जिला पोचणार नाही. ताईच्या पत्त्यावर टाकता येईल, पाकीट समोरच आहे. टाकणार नाही, आज तरी नाही.

अजून एक राहिलं. तू ताईकडे वळलीस असं मी वर लिहिलं. ते तसं नाही. तू आधी माझ्याकडे वळली होतीस. तुझा हात अजून पाण्यात होता, निळा मासा मुठीत होता. तू हळू आवाजात विचारलंस, "तू?" रागाने नाही. चष्मा अजून डोळ्यांवर होता. हो म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस, मला माहीत नाही. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मी फक्त ताईकडे बघितलं.